गोव्याच्या हवेत पाषाण-प्रवाळ सांभाळताना: नवोदितांसाठी मार्गदर्शन

पाषाण-प्रवाळ हा प्राणी पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःखाली ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा, सांगाडा रचतो. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा त्याला देतात. त्याचे जगणे, वाढणे आणि रंग धरणे या दोन व्यवहारांवर अवलंबून असते, आणि भोवतालच्या पाण्यात वारंवार चढउतार झाले की दोन्ही विस्कळीत होतात. खुल्या समुद्रातील प्रवाळखडकावर पाण्याचा साठा अफाट असल्यामुळे खनिजांचे प्रमाण आणि लवणता दिवसेंदिवस फारशी हलत नाही. घरातील २०० लिटरच्या टँकमध्ये मात्र हेच आकडे एका दुपारीत सरकू शकतात. गोव्यात त्यात मे महिन्यातील उकाडा, जूनपासूनची दमट हवा आणि पावसाळ्यात वीज जाणे यांची भर पडते. त्यामुळे पुढील सूचना वाचताना अमुक आकडा किती असावा यापेक्षा तो बाराही महिने तिथेच कसा राहील, याकडे अधिक लक्ष द्यावे.

पहिली पायरी: कागदपत्रे

ही पायरी काच विकत घेण्यापूर्वीची आहे आणि दुकानात ती सहसा कोणी सांगत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व पाषाण-प्रवाळांचा समावेश आहे. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखेही त्याच यादीत आले. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही अनुसूची. त्यामुळे वास्कोजवळच्या ग्रँड बेटाभोवती, मालवणच्या किनाऱ्यापाशी किंवा लक्षद्वीपात बुडी मारून काढलेला जिवंत तुकडा तर सोडाच, प्रवाळाचा मेलेला सांगाडा किंवा प्रवाळखडक फोडून आणलेला ‘लाइव्ह रॉक’ घरात ठेवणे हाही गुन्हा ठरू शकतो.

परदेशातून आलेल्या प्रवाळांचा प्रश्न वेगळा आहे, पण सोपा नाही. पाषाण-प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना आणि आपल्याकडील आयातीची रीतसर कागदपत्रे लागतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या सुधारणेने साइट्सच्या यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी नोंदणीची तरतूदही आणली. शिवाय पहिल्या अनुसूचीतील नोंद ‘सर्व’ पाषाण-प्रवाळांची आहे, म्हणून विक्रेत्याने आयातीचे बिल दाखवले की विषय मिटला, असे समजू नये. गोवा वन खात्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातीचे शास्त्रीय नाव, संख्या आणि मिळण्याचे ठिकाण लिहून विचारणा करावी, आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत एकही पाषाण-प्रवाळ टँकमध्ये आणू नये. दुबई किंवा मस्कतहून सुट्टीवर येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा तोडलेला लहान तुकडा, मागवण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती सुचली तरी सोडून द्यावी.

उत्तराची वाट पाहताना टँक उभारून त्याला स्थिर करण्याचे काम सुरू ठेवता येते, कारण त्या कामालाच काही महिने लागतात. लेदर, मशरूम यांसारखे मऊ प्रवाळ हाताळून पहिले वर्ष काढणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. विचारणेच्या पत्रात त्यांचाही उल्लेख करावा, म्हणजे एकाच उत्तरात दोन्ही गोष्टी स्पष्ट होतील.

जागा आणि टँक

नवोदिताने २०० लिटरपेक्षा लहान टँक घेऊ नये. लहान टँक स्वस्त पडतो, पण त्यात चूक पचवण्याइतके पाणी नसते. एवढ्या टँकमध्ये केवळ पाण्याचे वजन २०५ किलोच्या आसपास जाते. काच, खडक, वाळू आणि स्टँड धरले तर ३०० किलोचा हिशेब ठेवावा. जुन्या घरांत वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांची जमीन असते, तिथे टँक ठेवू नये. तळमजल्यावरील जांभ्याच्या जाड भिंतींची, थेट ऊन न येणारी खोली सर्वांत चांगली, कारण दुपारीही ती तुलनेने थंड राहते. टँकखाली सम्प, म्हणजे टँकला जोडलेली दुसरी टाकी, असावा. फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर, हीटर आणि नळ्या त्यात दडतात, आणि पाण्याचे एकूण प्रमाणही वाढते.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी टाळता येण्याजोग्या नाहीत. टँकच्या बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असावा, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर नेलेली असावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे खारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली ठिबकेल.

पाणी: नळ, विहीर की समुद्र?

समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पाण्यासाठी पैसे का मोजायचे, हा प्रश्न गोव्यात प्रत्येक जण विचारतो. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी गोडे पाणी आणि गाळ घेऊन समुद्राला मिळतात, त्यामुळे किनाऱ्याजवळची लवणता खूप खाली येते. पावसाच्या तोंडावर, विशेषतः मे महिन्यात, किनाऱ्यावर डांबराच्या गोळ्या लागतात. आणि उरलेल्या महिन्यांत होड्यांचे तेल आणि वस्तीचे सांडपाणी असतेच. किनाऱ्यावरील वाळूही त्याच कारणांसाठी नको. दुकानात मिळणारी ॲरागोनाइट वाळू वापरावी. मिठागरातील मीठही चालत नाही, कारण ते मुख्यतः सोडियम क्लोराइड असते आणि मीठ पिकताना मॅग्नेशियमचा मोठा भाग उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातो. प्रवाळांसाठी तयार केलेले कृत्रिम समुद्री मीठच घ्यावे.

ते ज्या पाण्यात विरघळवायचे ते पाणी शक्य तितके निव्वळ असावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि जांभ्या दगडातील विहिरीचे पाणी दिसायला नितळ असले तरी त्यात विरघळलेले लोह असू शकते. आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारे डीआय रेझिन अशी जोडणी करून विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आकडा आणावा. घरातील पिण्याच्या पाण्याचा आरओ वापरण्याचा मोह होतो, पण त्यात बहुधा एक टीडीएस कंट्रोलर असतो, जो चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळतो; कधी खनिजे घालणारी वेगळी कार्ट्रिजही असते. तेच यंत्र वापरायचे असेल, तर या दोन्ही टप्प्यांच्या आधी नळी काढून तिथून पाणी घ्यावे आणि पुढे डीआय जोडावे. जून-जुलैमध्ये नळाला गढूळ पाणी येऊ लागले की गाळाचे फिल्टर लवकर भरतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी एक जादा संच घरात असावा.

मीठ दर लिटरला साधारण ३६ ते ४० ग्रॅम लागते. नेमके प्रमाण पिशवीवर दिलेले असते. पाण्यात पंप फिरत असताना मीठ थोडेथोडे घालावे. मिठावर पाणी ओतल्यास कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाला बसते आणि ते पुन्हा विरघळत नाही. आपल्या दमट हवेत उघडी पिशवी काही दिवसांतच ढेकळे धरते, तेव्हा मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. लवणता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे विशिष्ट घनता सुमारे १.०२६ असावी. ती रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी आणि ते उपकरण आरओ पाण्यावर शून्याला न जुळवता ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावावर ३५ ला जुळवावे, कारण आपल्याला मोजायचे असते ते ३५ च्या आसपास.

टँकमधून रोज जे पाणी उडते ते निव्वळ पाणी असते, मीठ मागे राहते. म्हणून उणे झालेले पाणी नेहमी आरओच्या गोड्या पाण्यानेच भरावे. हे काम हाताने दिवसातून एकदा करण्यापेक्षा फ्लोट सेन्सर असलेल्या ऑटो टॉप-ऑफवर सोपवावे. सुरुवातीच्या खरेदीत कोणती वस्तू पुढे ढकलावी असे विचारले तर मी महागडा दिवा म्हणेन, टॉप-ऑफ नव्हे.

टँक पिकवणे

कोरडा, सच्छिद्र कृत्रिम खडक रचून, वाळू घालून आणि पाणी भरून पंप सुरू करावेत, त्यानंतर बाटलीतील जिवाणू आणि अमोनियाचा मोजका स्रोत द्यावा. जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहायला चार ते सहा आठवडे लागतात. मग तपकिरी साय येते, नंतर हिरवे शेवाळ येते, आणि दोन्ही ओसरतात. गोगलगायी आणि दोन क्लाउनफिश या टप्प्यावर येऊ शकतात. पहिला कणखर पाषाण-प्रवाळ तीन महिन्यांनंतर आणावा. ॲक्रोपोरा या नाजूक जातीचा विचार वर्षभर तरी करू नये, मग टँक कितीही स्वच्छ दिसो.

उष्णता

गोव्यात पाणी थंड करणाऱ्या चिलरशिवाय पाषाण-प्रवाळ ठेवता येतात का, याचे सरळ उत्तर ‘नाही’ असेच आहे. एप्रिल-मेमध्ये येथील समुद्राचे पाणीच ३० अंशांच्या घरात जाते, आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ग्रँड बेटाजवळील प्रवाळांचे विरंजन नोंदवलेले आहे. पाणी नेहमीच्या सर्वाधिक तापमानापेक्षा केवळ एक अंशाने आठवडेच्या आठवडे वर राहिले तरी प्रवाळ आपली शैवाले बाहेर टाकू लागतो. मग पारदर्शक ऊतींतून पांढरा सांगाडा दिसतो. बंद खोलीतील टँकमध्ये पंपांची आणि दिव्यांची उष्णता मिळून दुपारी पाणी खोलीच्या तापमानाच्याही वर जाऊ शकते.

पंखा लावून पाणी थंड करण्याचा उपाय अनेक ठिकाणी सुचवलेला आढळतो. पंख्याने पाणी थंड होते ते बाष्पीभवनामुळे, आणि कोरड्या हवेच्या शहरांत त्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतोही. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा आधीच ओलसर असते आणि पावसाळ्यात ती जवळजवळ भरलेलीच असते, त्यामुळे नेमक्या गरजेच्या काळात पंखा कुचकामी ठरतो. डिसेंबर-जानेवारीत तो चालतो, पण तेव्हा त्याची फारशी आवश्यकता नसते.

चिलर २६ ते २६.५ अंशांवर लावावा. त्याहून खाली उतरवून विजेचे बिल वाढवण्यात अर्थ नाही. चिलर पाण्यातील उष्णता खोलीत सोडतो, म्हणून तो स्टँडच्या बंद कपाटात कोंडला तर स्वतःच सोडलेली गरम हवा ओढत राहतो आणि दिवसभर न थांबता चालतो. त्याचे तोंड खिडकीकडे किंवा व्हरांड्याकडे असावे. खाऱ्या हवेने कंडेन्सरच्या पातळ पट्ट्यांवर धूळ चिकटून त्या गंजतात, तेव्हा महिन्यातून एकदा वीज बंद करून मऊ ब्रशने त्या साफ कराव्यात.

प्रकाश आणि प्रवाह

मांसल, मोठ्या पॉलिपांच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातील एकेक तोंडवाला जीव) जातींना, ज्यांना एलपीएस म्हणतात, साधारण ७५ ते १५० पार (शैवालांना वापरता येणाऱ्या प्रकाशाचे माप) एवढा प्रकाश पुरतो; लहान पॉलिपांच्या एसपीएस जातींना २०० ते ३५० लागतो. पार मीटर विकत घेण्याऐवजी एका दिवसासाठी कोणाकडून मागून आणावा आणि खडकावरील दहा-बारा जागांचे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. दिव्याचा मुख्य भार निळ्या रंगावर असावा आणि एकूण वेळ आठ ते दहा तास. नवा प्रवाळ आणल्यावर दिवा निम्म्या तीव्रतेवर आणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ववत करावा. कमी प्रकाशात प्रवाळ काही आठवडे तग धरतो, पण अचानक मिळालेल्या जादा प्रकाशाने तो दोन दिवसांत पांढरा पडू शकतो.

प्रवाह एका दिशेने सतत आदळणारा नसावा. दोन वेव्हमेकर समोरासमोर लावून आलटून पालटून चालवले की पाणी घुसळले जाते. यूफायलिया या एलपीएस प्रवाळाचे तंतू संथपणे डोलत असतील तर प्रवाह योग्य आहे. ते एका बाजूला ताणले जाऊन सांगाड्याची कड उघडी पडत असेल तर पंप वळवावा. एसपीएसना याहून बराच जोरदार आणि अनियमित प्रवाह लागतो.

अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम

पाषाण-प्रवाळ ठेवणाऱ्याचे खरे काम येथे सुरू होते. उद्दिष्टाचे आकडे असे: अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, ८ ते ९ डीकेएच (तिचे एकक), कॅल्शियम सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०), मॅग्नेशियम सुमारे १३०० पीपीएम. मॅग्नेशियम फार खाली गेले तर कॅल्शियम आणि कार्बोनेट आपसांतच जुळून साका होतात आणि कितीही घातले तरी आकडे टिकत नाहीत; म्हणून दोन्ही आकडे एकदम वर येईनासे झाले की आधी मॅग्नेशियम तपासावे. ते एरवी महिन्यातून एकदा मोजले तरी चालते. कॅल्शियमही संथपणे उतरते, कारण प्रवाळ १ डीकेएच अल्कलिनिटी वापरतो तेव्हा कॅल्शियम केवळ ७ पीपीएमच्या आसपास कमी होते. म्हणजे ४२० च्या साठ्यातून ७ गेले तर कळतही नाही, पण ८ मधून १ गेला तर प्रवाळाला ते लगेच जाणवते. या कारणाने अल्कलिनिटी हीच दर दोन-तीन दिवसांनी, आणि नव्या टँकमध्ये रोज, मोजण्याची गोष्ट आहे.

मोजण्याची पद्धत सोपी असली तरी तिला शिस्त लागते. सिरिंजने ठरलेले पाणी घेताना टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो, म्हणून सिरिंज एकदा टँकच्याच पाण्याने भरून रिकामी करावी आणि मग माप घ्यावे. सूचक घातल्यावर कुपीतील पाणी निळसर-हिरवे होते. दुसऱ्या सिरिंजमधून द्राव थेंबथेंब सोडत कुपी पांढऱ्या कागदावर हलवत राहावी. शेवटाकडे प्रत्येक थेंब पडताच क्षणभर गुलाबी डाग उमटतो आणि हलवताच नाहीसा होतो. तिथून पुढे एक थेंब, मग थांबणे, असे जावे. संपूर्ण पाणी नारिंगी-गुलाबी होऊन तसेच राहिले की वाचन घ्यावे. हे काम नेहमी त्याच वेळी करावे, कारण दिवसा आणि रात्री खप सारखा नसतो. आकडा वहीत तारखेसह लिहावा. एकट्या वाचनापेक्षा आठवड्याच्या वाचनांचा कल अधिक सांगतो.

खप कळल्यावर तो भरून काढायचा. दोन-तीन लहान फ्रॅग असताना दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलणे पुरते. खप वाढला की दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग दोन वेगळ्या द्रावांचा: एकात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे स्वयंपाकघरातील खायचा सोडा, आणि दुसऱ्यात कॅल्शियम क्लोराइड. हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला ३ ग्रॅम सोडा लागतो, आणि तेवढ्याच खपाचे कॅल्शियम भरून काढायला साधारण २.६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. पाकिटावर ‘बेकिंग पावडर’ असे लिहिलेले असेल तर ते घेऊ नये, त्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेले असतात. दोन्ही द्राव एकाच वेळी, एकाच जागी घालू नयेत. एका दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा अधिक चढवू नये. मोजमाप खूप खाली आले तरी घाईने वर नेण्याचा धोका खालच्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

दुसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा. आरओच्या एका लिटर पाण्यात दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालून हलवावे, साका बसू द्यावा आणि वरची नितळ निवळी टॉप-ऑफच्या पाण्याऐवजी टँकमध्ये ठिबकत सोडावी. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही ती प्रवाळाच्या खपाच्याच प्रमाणात देते. पानाचा चुना वापरू नये, त्यात काय मिसळले आहे हे कळायला मार्ग नसतो. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, तेव्हा ती रात्री आणि थेंबाथेंबाने जावी, आणि हाताळताना चष्मा आणि हातमोजे वापरावेत.

गोव्यात या मार्गाला एक अडचण आहे. वरील प्रमाणाची एक लिटर निवळी १०० लिटर टँकला सुमारे १.१ डीकेएच देते. समजा, २०० लिटरच्या टँकमधून फेब्रुवारीत रोज ३ लिटर पाणी उडते आणि ते सर्व निवळीने भरले जाते. तर टँकला दिवसाला १.६ डीकेएचच्या थोडे वर मिळते. जुलैमध्ये हवा ओली झाली आणि रोज १ लिटरच पाणी उडू लागले, की हा पुरवठा अर्ध्या डीकेएचच्या जवळ येतो. प्रवाळांचा खप मात्र तेवढाच असतो. आठवडाभरात अल्कलिनिटी घसरते, फांद्यांच्या तळाशी पांढरेपणा दिसू लागतो आणि दोष दिव्याला किंवा मिठाला दिला जातो. म्हणून पहिला पाऊस लागला की अल्कलिनिटी रोज मोजावी आणि तूट सोड्याच्या द्रावाने भरावी. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी होऊ लागली की तेवढाच सोडा कमी करावा.

प्रवाळांची निवड आणि मांडणी

सुरुवातीला कॉलॅस्ट्रिया, डंकन, ब्लास्टोमुसा आणि फेव्हाइट्स यांसारख्या जाती घ्याव्यात. त्यानंतर यूफायलिया, आणि एसपीएसमध्ये पहिली मोंटिपोरा. परवानगीच्या पत्रातील नाव आणि विक्रेत्याच्या बिलावरील नाव एकच आहे ना, हे घेतानाच पाहावे. विकत घेताना उघडलेल्या पॉलिपांच्या सौंदर्यापेक्षा सांगाड्याची कड पाहावी. ऊती कडेपर्यंत अखंड लागलेली हवी. तिथे ताजी पांढरी रेघ दिसत असेल तर ऊती मागे सरकत आहे. तपकिरी, जेलीसारखा स्राव दिसला तर तो प्रवाळच काय, त्या टाकीतील कोणताही प्रवाळ घेऊ नये.

घरी आणल्यावर पिशवी टँकमध्ये तरंगवून तापमान जुळवावे, मग कोरल डिपच्या द्रावात सूचनेत दिलेला वेळ ठेवून हलकेच हलवावे. चपटे कृमी आणि लहान कीटक गळून पडतात, पण त्यांची अंडी डिपने मरत नाहीत. ती भिंगाने शोधून खरवडून काढावी लागतात. ज्या तबकडीवर फ्रॅग चिकटवून येतो ती टाकून द्यावी, कारण अंडी आणि ऐप्टेशियासारखे उपद्रवी समुद्रफूल बहुधा तिथेच असते. नवी तबकडी सायनोॲक्रिलेट जेलने लावावी. हा गोंद ओल्या पृष्ठभागावरही पकडतो.

दोन प्रवाळांत हातभर अंतर शक्य नसले तरी १५ सेंटिमीटर तरी सोडावेत. फेव्हाइट्स आणि गॅलेक्सिया रात्री लांब दंशतंतू बाहेर काढतात आणि शेजाऱ्याला जाळतात. दिवसा शांत दिसणारी मांडणी रात्री दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्चच्या मंद प्रकाशात पाहिली की कोणाची पोच किती आहे ते समजते.

रंग

तपकिरी पडलेला प्रवाळ बहुधा आजारी नसतो. प्रकाश कमी आणि नायट्रेट-फॉस्फेट जास्त झाल्याने त्याच्या अंगातील शैवालांची गर्दी वाढलेली असते आणि मूळ रंगद्रव्ये झाकली जातात. फिकट पडलेल्या प्रवाळात बहुधा उलट स्थिती असते. नवोदित पाणी अति स्वच्छ करण्याच्या नादात नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेतात आणि प्रवाळ उपाशी राहतात. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असावे. एलपीएसना आठवड्यातून एक-दोनदा मासळी बाजारातील ताज्या सुंगटांचे (कोळंबीचे) तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे, आरओ पाण्यात धुऊन, पंप बंद करून चिमट्याने द्यावेत. रंग खुलवण्याच्या बाटल्या पहिल्या वर्षी घेऊ नयेत.

घरातील हवेचाही विचार व्हावा. स्किमर खोलीतील हवाच पाण्यात मिसळतो, त्यामुळे डासांसाठीची कॉइल, कीटकनाशकाचा फवारा आणि चतुर्थीपूर्वी घराला दिला जाणारा रंग हे सर्व थेट टँकमध्ये पोचते. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढावी. एसीच्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यालाही हाच उपाय लागू पडतो. चतुर्थीला पाच दिवस मूळ घरी जायचे असेल तर टॉप-ऑफची टाकी भरून, मासळीच्या खाण्याच्या दिवसागणिक पुड्या बांधून शेजाऱ्याकडे द्याव्यात. डबा देऊ नये, माणसे मायेने जास्त घालतात.

वीज गेल्यावर

जूनच्या पहिल्या वादळात माड किंवा फांदी तारांवर पडली की वीज काही तास जाणार, हे गृहीत धरावे. टँकमध्ये सर्वांत आधी संपतो तो प्राणवायू, त्यामुळे इन्व्हर्टरवर दिवा किंवा चिलर न लावता एक वेव्हमेकर लावावा. तो अल्प विजेवर रात्रभर चालतो. जोडीला बॅटरीवरचा एअर पंप ठेवावा. प्रवाळ काळोखात एक-दोन दिवस सहज काढतात, तेव्हा प्रकाशाची काळजी करू नये. पाणी २९ अंशांकडे जाऊ लागले तर आरओ पाण्याच्या गोठवलेल्या बंद बाटल्या सम्पमध्ये एकामागून एक सोडाव्यात. बर्फ थेट टँकमध्ये टाकू नये. त्या काळात मासळीला खाणे देऊ नये.

वीज परतल्यावर सम्पमधील पाणी वर चढवणारा रिटर्न पंप सुरू होताना टँकमधील पाणी उतू जात नाही ना आणि स्किमर ओसंडत नाही ना, हे उभे राहून पाहावे. चिलर आपोआप सुरू होत असेल तर तो तासाला एका अंशापेक्षा वेगाने पाणी उतरवत नाही ना, तेही तपासावे. दिवा त्या दिवशी ठरलेल्या वेळीच बंद व्हावा, गेलेले तास भरून काढू नयेत. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी अल्कलिनिटी मोजावी. द्राव आपोआप सोडणारा डोसिंग पंप बंद राहिला होता म्हणून ती उतरलेली असेल, तर चुकलेला डोस एकदम न देता तीन-चार दिवसांत विभागून द्यावा.